सोमवार, बुधवार, शनिवारचा धूर

१५ एप्रिल २०२०, बुधवार. आजचं काम: गच्चीवरच्या नळीची जाळी धुणे, यंत्रात फीत किती उरली ते बघणे.

नोंदवहीत एवढंच लिहिलं आणि वही पिशवीत टाकली. आदल्या दिवशी लॉकडाऊन वाढल्याचं जाहीर झालं होतं. वाळूजमधली नवऱ्याची कंपनी बंद होती आणि तो माळ्यावरचे डबे तिसऱ्यांदा उतरवून पुसत होता.

"निघाल्या मॅडम," तो स्टुलावरूनच म्हणाला. "काजळी मोजायला पास मिळतो. आम्ही दूध आणायला गेलो तर काठी मिळते."

"पिशवी घेऊन चार वेळा गेल्यावर मिळणारच."

त्याचं काही चुकत नव्हतं. सगळं शहर घरात बसलं होतं आणि मी आठवड्यातून तीन दिवस, सोमवार, बुधवार आणि शनिवार, उस्मानपुऱ्यातून स्कूटी काढून छावणीच्या बाजूला कॉलेजात जात होते. खरं सांगायचं तर त्या तीन दिवसांवरच माझा आठवडा चालला होता. उरलेल्या चार दिवशी मी घरात नुसती फेऱ्या मारायचे. ओटा पुसून झाला की पुन्हा ओटा पुसायचे.

मी प्रयोगशाळा सहायक आहे. आमच्या विभागाची इमारत दोन मजली, वर गच्ची, गच्चीच्या कठड्याला बांधलेली एक नळी. ती नळी खालच्या खोलीतल्या यंत्रात येते. यंत्र दिवसरात्र हवा ओढतं आणि पांढऱ्या फितीतून सोडतं. हवेतली काजळी फितीवर अडकते आणि गोल ठिपका पडतो, शर्टाच्या बटणाएवढा. ठिपका फार काळा झाला की फीत आपोआप पुढं सरकते आणि नवा ठिपका सुरू होतो. त्या ठिपक्यावर उजेड टाकून यंत्र काळेपणा मोजतं. कागदोपत्री याला ब्लॅक कार्बन म्हणतात. तव्याच्या बुडाला असतो तोच.

आमचे विभागातले सर हे काम बघतात. लॉकडाऊन लागला तेव्हा ते पुण्याला मुलीकडे गेलेले होते, तिथंच अडकले. कुठंकुठं फोन करून त्यांनी माझा पास काढला. पहिल्याच फोनवर म्हणाले, "मॅडम, ही संधी पुन्हा येणार नाही. गाड्या बंद, कारखाने बंद. आता हवेत जी काजळी उरेल ती कुठून येते ते कळेल. यंत्र एक दिवसही बंद पडता कामा नये."

यंत्र बंद पडायला दोन कारणं पुरेशी होती. एक, वीज. ती गेली की कोणीतरी जाऊन सुरू करायला हवं. दुसरं, फीत. ती परदेशातून येते. आमच्याकडे यंत्रात होती तेवढीच, आणि नवी येण्याचा काही भरवसा नव्हता. म्हणून मी फीत जपत होते. ती काय जपणार म्हणा, हवा काळी असली की यंत्र खातंच.

आधीच्या दिवसांत सकाळी नऊ आणि संध्याकाळी सातच्या सुमाराचे ठिपके डांबरासारखे असायचे. रिक्षा, ट्रक, सिटी बस, सगळ्यांची हजेरी फितीवर लागलेली. मार्चअखेर पहिल्यांदा यंत्राचं झाकण उघडलं आणि मला वाटलं, पंपच बंद पडला. ठिपके इतके फिके होते, पेन्सिलीनं गोल काढून खोडरबरानं पुसावा तसे. मी नळीला कान लावून बघितलं. पंप चालू होता. हवाच तशी होती. फीत तासन्‌तास जागची हलत नव्हती.

अगदी पांढरी मात्र ती कधीच पडली नाही. संध्याकाळी थोडा रंग यायचा. गाड्या थांबल्या तरी माणसं स्वयंपाक करतात, आणि आजूबाजूच्या शिवारात उन्हाळ्याच्या तोंडावर कापसाच्या वाळल्या पऱ्हाट्या पेटवतात, त्या टाळेबंदी ऐकत नाहीत. यंत्र निरनिराळ्या रंगांचा उजेड टाकतं, त्यामुळं लाकूडपाल्याचा धूर आणि डिझेलचा धूर वेगळा काढता येतो. सरांना नेमकं हेच हवं होतं: गाड्या वजा केल्यावर चुलींचं किती उरतं.

आणि त्यातच एक खोट निघाली. काही दिवशी सकाळी साडेसात ते सव्वाआठ या वेळात ठिपका एकदम काळा पडत होता. बाकीचा दिवस स्वच्छ. रोज असता तर सरांनी वस्तीचा धूर म्हणून घेतला असता. तो रोज नव्हता. आणि दूरचा धूर असा एकाएकी चढत नाही, उतरत नाही. कोणीतरी इमारतीजवळच काहीतरी पेटवत होतं. त्यात फीत भराभर सरकत होती, त्याचा मला जास्त राग होता.

इमारतीजवळ माणसं दोनच. वॉचमनमामा आणि त्यांची बायको. मागच्या बाजूला एका खोलीत राहायचे. दोघं देवगाव रंगारीकडचे, मामा एका एजन्सीकडून लागलेले, साठीला आलेले, एक गुडघा धरलेला. बायकोला मी मामी म्हणते.

पासवर पहिल्यांदा गेले त्या दिवशी मी दोघांना गेटपाशी उभं करून नियम सांगितले होते. मास्क नाकावर हवा. लांब उभं राहायचं. बाहेरून कोणीही आलं, मी असले तरी, आधी साबणानं हात धुवायला लावायचे, आणि गरम पाणी असलं तर फारच चांगलं. त्या दिवसांत मी सगळ्यांनाच नियम सांगत सुटले होते. मामी पदर तोंडाला लावून ऐकत होती. "व्हय मॅडम," म्हणाली.

पुढच्या वेळेपासून मी साडेआठला पोचले की पायऱ्यांजवळ बादली भरलेली असायची. पाणी कोमट. आमच्याकडे एप्रिलात गच्चीवरच्या टाकीतलं पाणी सकाळीही कोमटच असतं, त्यामुळं मला त्यात विशेष वाटलं नाही. वर कडुलिंबाची पानं तरंगत असायची. झाड पायऱ्यांवर वाकलेलंच आहे. मी पानं बाजूला सारून हात धुवायचे. एकदा तर बोललेही, "मामी, बादलीवर झाकण ठेवत जा. पाला पडतो."

"बरं मॅडम," ती म्हणाली आणि हसली.

सोमवारी, म्हणजे तेराला, मी इमारतीच्या मागं गेले. भिंतीशी कडुलिंबाच्या वाळल्या पानांचा ढीग होता आणि त्याच्यापासून चार पावलांवर दोन-तीन विटा आणि राख. मला हवं ते मिळालं. वॉचमन लोक झाडून काढतात आणि पेटवून देतात, हे मी वीस वर्षं बघत आले आहे. गेटवर येऊन मामांना विचारलं, "पाचोळा जाळता का हो तुम्ही?"

"नाय मॅडम. पाचोळा खड्ड्यात टाकतो मी."

"बघा हं. वर मोजमाप चालू आहे. धूर चालत नाही."

"नाय जाळत, मॅडम. खरंच नाय."

खोटं बोलतोय, असं मी मनात ठरवून टाकलं. मग राख कशाची, एवढा एक प्रश्न विचारायचा होता. तो विचारला नाही. वर जाऊन वहीत लिहिलं, स्वच्छ अक्षरात, खाली रेघ ओढून: "स्थानिक धूर. कारण: वॉचमन पाचोळा जाळतो." पानाचा फोटो सरांना पाठवला.

लगेच फोन आला. "तुम्ही जाळताना पाहिलंत?"

"राख पाहिली."

"बरं झालं, सापडलं. मी बघतो."

सापडलं, म्हणून मीही खुशीत घरी आले. नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "म्हातारा आहे, करू दे की." मी म्हटलं, "तुला त्यातलं काय कळतं?"

तर बुधवारी, पंधराला, मी गेटवर पोचले. मामांनी फाटक उघडलं, पण नेहमीसारखा नमस्कार केला नाही. आत गेले तर त्यांच्या खोलीबाहेर पत्र्याची पेटी, दोन गाठोडी आणि शेगडी काढून ठेवलेली. मला वाटलं, घर सारवायला काढलंय. मामी बादली घेऊन आली. आज पाण्यावर वाफ दिसत होती.

"जपून मॅडम, आज जरा जास्तच कढलंय. ध्यान नव्हतं माझं. शेवटचंच पानी हाय, घ्या."

"शेवटचं म्हणजे?"

"उद्याच्याला दुसरा मानूस येनार गेटवर. काल सुपरवायझरचा फोन आला व्हता. म्हनला, तुमी जाळपोळ करता, वरच्या मशिनीला धूर लागतो, सायबाची तक्रार गेली. आठ वाजता खोली रिकामी पायजे."

मी बादलीकडे बघत होते. "हे पाणी तुम्ही तापवता? कशावर?"

"कशावर म्हंजे? चुलीवर. मागं तीन विटा मांडल्यात की."

"रोज?"

"रोज कशाला? तुमी यायच्या दिशी. आमाला या उन्हाळ्यात कढत पानी लागतंय व्हय? तुमीच म्हनला व्हता, गरम पान्यानं भाहेरचं सगळं निघून जातं. सिलेंडर पुरवून वापरावा लागतो, म्हून काड्याकुड्या गोळा करते आन्‌ लिंबाचा पाला टाकून उकळते."

"पाला तुम्ही टाकता?"

"मग काय, झाड उकळून टाकतंय का?" मामी हसली. मग माझ्या तोंडाकडे बघून थांबली.

मामा फाटकापासून ओरडले, "अगं सांगू नगं, त्यांना इचार पडंल."

"पडू दे की. येवढं लिंबाचं पानी उकळून हात धुवायला दिलं, तवा कुनी इचार केला?" ती त्यांना म्हणाली, पण ते मलाच होतं.

तक्रार साहेबांची नव्हती, माझी होती. तेव्हा तिथं मी ते बोलले नाही. हात धुतले. विचारलं, "कुठं जाणार आता?"

"त्येच कळंना. भावाला फोन लावला यांनी. तो म्हनला, येऊ नगं. रस्त्यावर बाभळीच्या काट्या टाकल्यात, शहरातून आलेल्याला गावात घेत नाय. आदी शाळेत ठेवायचे, आता शाळा भरली म्हनं. गाडी नाय, घोडं नाय. यांचा गुडगा असा. लई झालं तर गावाच्या फाट्यावरच्या झाडाखाली बसू."

मी वर गेले. संगणक सुरू करून काळ्या ठिपक्यांच्या तारखा एका खाली एक उतरवल्या. मग वहीत माझ्या हजेरीच्या तारखा काढल्या. एकही चुकत नव्हती. सोमवार, बुधवार, शनिवार. सोमवार, बुधवार, शनिवार. दोन आठवडे मी हे बघत होते आणि कोणाला कधी झाडायची हुक्की येते याचा अंदाज बांधत होते. आजच्या तारखेलाही साडेसातनंतर रेघ सरळ वर गेली होती.

ठरलेलं काम केलं. जाळी धुतली, पुसली, बसवली. फीत बघितली. मग सरांना फोन लावला आणि सगळं सांगितलं.

"अरे वा," सर म्हणाले, "म्हणजे कारण पक्कं कळलं. मग सोपं आहे. तेवढ्या वेळाचे आकडे खूण करून वगळू."

"आणि वॉचमनचं?"

"ते ऑफिसनं एजन्सीला सांगितलं, एजन्सीनं बदली दिली. त्यात आपण काय करणार?"

"ऑफिसला सांगायचं, की आपलं चुकलं."

"परवा तक्रार करायची आणि आज मागं घ्यायची? हसतील ते."

"हसू द्या."

मग सर म्हणाले, "मॅडम, पान तुमच्या अक्षरातलं आहे. मी फक्त पुढं पाठवलं." आवाज चढवून नाही म्हणाले, पण म्हणाले. आणि ते खरंच होतं.

ऑफिसात हेडक्लार्कना फोन केला. ते म्हणाले, माणूस एजन्सीचा, आम्ही काही करू शकत नाही. सुपरवायझरचा नंबर मामांकडून घेतला. तो उचलेना. पुन्हा हेडक्लार्क. "लेखी द्या, बघू." कुठं देऊ? "सोमवारी कोणी आलं ऑफिसात तर." मी म्हटलं, सोमवारपर्यंत ते दोघं फाट्यावर बसतील. ते म्हणाले, "मॅडम, सगळ्यांचंच अवघड चाललंय."

घरी आले. कुकर लावला, शिट्ट्या मोजल्या नाहीत, वरण खाली लागलं. हॉलमधून स्वयंपाकघरात, स्वयंपाकघरातून बाल्कनीत. बाल्कनीतून त्या दिवसांत लांबचे डोंगर स्वच्छ दिसायचे, सगळी सोसायटी मोबाइलवर फोटो काढायची. मला बघवेना. सुपरवायझरला अकरा वेळा फोन लावला. सरांना पुन्हा लावायला हात जायचा आणि मी फोन उलटा ठेवायचे.

"बस की जरा," नवरा म्हणाला. "फरशी झिजेल."

त्याला झालेलं सांगितलं. सोमवारच्या बोलण्याची आठवण करून देईल असं वाटलं होतं. त्यानं तसं केलं नाही. म्हणाला, "सुपरवायझर उद्या आठला नवा माणूस घेऊन येणारच ना? मग फोन कशाला करतेस?"

"उद्या गुरुवार आहे. माझा पास नाही."

"हो, ते आहेच," म्हणाला आणि पुन्हा डब्यांकडे वळला.

मी वही काढली. आधीची नोंद खोडायची नाही हा आमच्याकडचा नियम आहे, प्रयोगशाळेत खाडाखोड चालत नाही. म्हणून त्याच पानाखाली लिहिलं: "वरील नोंद चुकीची आहे. पाचोळा जाळलेला नाही. माझ्या सांगण्यावरून माझ्या हात धुण्यासाठी पाणी तापवले जात होते. धूर फक्त माझ्या येण्याच्या दिवशी आहे, तारखा सोबत. वॉचमनने विचारल्यावर खरे सांगितले होते, मी ऐकले नाही." सही केली. तेच एका कोऱ्या कागदावर उतरवलं, अर्ज म्हणून. फोटो सरांना पाठवला. त्यांनी पाहिल्याच्या दोन निळ्या खुणा आल्या. उत्तर आलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला मी निघाले. महावीर चौकात नाक्यावर हवालदारानं अडवलं. पास उलटसुलट बघितला.

"ताई, सोम, बुध, शनी. आज गुरुवार."

"माहीत आहे."

"मग?"

"माझ्या चुकीनं एका माणसाची नोकरी चाललीय. आठच्या आत हा कागद द्यायचाय."

त्यानं लांबूनच कागद वाचला. "हात धुवायचं पाणी? त्याच्यावर नोकरी?"

"हो."

"काय एकेक लोकं," तो म्हणाला आणि हात पुढं केला. "चावी द्या. गाडी इथंच राहील. चालत जायचं तर जा, मी बघितलं नाही."

मी चावी दिली आणि चालत सुटले. रस्त्यावर कोणी नव्हतं. भराभर चालल्यानं मास्क तोंडाला चिकटत होता. गेटवर पोचले तेव्हा सुपरवायझरची मोटारसायकल उभीच होती आणि मागं बसून आलेला नवा माणूस पिशवी घेऊन फाटकाला टेकला होता. मामांनी किल्ल्यांचा जुडगा हातात काढून ठेवला होता.

मी कागद सुपरवायझरच्या हातात दिला. त्यानं वाचला, परत करायला लागला. "मॅडम, तुमच्या कागदावर काय व्हनार? तक्रार सायबाची हाय. सायबाचा फोन पायजे."

मी सरांना फोन लावला. वाजून बंद झाला. पुन्हा लावला. सुपरवायझर घड्याळ बघत होता. चौथ्यांदा त्यांनी उचलला. मी स्पीकर सुरू केला आणि नमस्कारही न करता म्हटलं, "सर, मी गेटवर आहे. सुपरवायझर समोर उभे आहेत. वॉचमनमामा पण आहेत. तुम्ही बोला."

सरांनी घसा साफ केला. "वाचलं मी काल तुमचं पान," ते म्हणाले. मग जरा मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल असं, "तक्रार आमच्या विभागानं चुकून केली. त्यांना राहू द्या. ऑफिसला मी सांगतो."

"आत्ता सांगा सर," मी म्हटलं. "मी इथंच थांबते."

दहा मिनिटांनी सुपरवायझरचा फोन वाजला. "हो साहेब, हो साहेब," करून त्यानं खिशात टाकला. "आमाला काय, तुमी म्हनाल तसं. पर पुढच्या वेळी आदी बघून घेत जा मॅडम."

"घेईन."

नवा माणूस पुटपुटला, "मला उगं पाचला उठवलं." आणि पुन्हा मोटारसायकलवर मागं बसला.

मामांनी जुडगा कमरेला अडकवला. मामी एक गाठोडं उचलून आत गेली. दुसरं गाठोडं न्यायला बाहेर आली तेव्हा म्हणाली, "तुमी लिवलं व्हतं ते?"

"हो. मीच."

तिनं मान हलवली आणि आत गेली. मामा पेटी एकट्यानं ओढायला लागले, गुडघा वाकेना. मी एका बाजूची कडी धरली, त्यांनी दुसरी. पेटी खोलीत भिंतीला लावून ठेवली, आणि मी नाक्यावरून गाडी आणायला चालत निघाले.